टीप उसवताना कापड फाटतं, भोकं राहतात: चूक कुठे होतेय ते कसं शोधायचं

ब्लाऊज, कुर्त्या आणि पँटींच्या अल्टरचं काम मी गेली 22 वर्षं करतेय. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर शिवण्यापेक्षा उसवणंच जास्त होतं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी घरी अर्धवट उसवून मग माझ्याकडे येतात. पिशवीतून कपडा निघायच्या आधीच बाईंच्या चेहऱ्यावरून कळतं की घरी प्रयोग झालाय. तेच ते बिघाड परत परत दुरुस्त करून झाले, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

लक्षणं

- टीप निघाली, पण जागेवर बारीक भोकांची रांग उरली.
- दोरा ओढला की कापडाला चुण्या पडतात, मग दोरा तुटतो आणि दर इंचाला नवं टोक शोधत बसावं लागतं.
- कापडाला काटकोनात चीर गेली. ही बहुतेक वेळा काखेत किंवा बाहीच्या जोडावर जाते.
- टी-शर्ट किंवा लेगिंगला शिडी पडली.
- मायेच्या, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाच्या, कडेच्या दशा सुटल्या, आता परत टीप मारायला जागाच नाही.
- सगळं नीट निघालं, कापडही शाबूत, पण जुन्या टिपेच्या जागी गडद रेघ दिसते.

शेवटचं लक्षण वेगळं आहे, त्याचं पुढे बोलू. बाकीच्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: जिथे दोरा कापायचा होता तिथे तो ओढला गेला. कुणी हाताने ओढलेला असतो, कुणी बोथट रिपरने, म्हणजे टाके कापायच्या छोट्या दुटोकी हत्याराने. पॉलिस्टरचा दोरा बारीक कापडापेक्षा चिवट असतो, ओढाओढीत कापड हरतं.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी.

उसवायची गरज आहे का?

हसू नका. घरी उसवून बिघडलेल्या कपड्यांपैकी कितीतरी उसवायचेच नव्हते.

ब्लाऊज उलटा करून बाजूची शिवण बघा. चांगल्या शिंप्याने शिवलेला असेल तर काखेपासून खालपर्यंत दोन-तीन समांतर टिपा दिसतील, साधारण पाव-पाव इंचावर. अंगाकडची टीप आत्ताच्या फिटिंगची. तिच्यामागच्या टिपा पुढच्या वर्षांच्या तयारीला मारून ठेवलेल्या असतात. ब्लाऊज घट्ट होत असेल तर अंगाकडची तेवढी एकच टीप काढायची. शिवण पाव इंच मागे सरकली की त्या बाजूला पुढचा आणि मागचा भाग मिळून अर्धा इंच मिळतो, दोन्ही बाजूंचा मिळून पुरा एक इंच. एवढ्यात बहुतेकींचं काम होतं. घरी मात्र तिन्ही टिपा उसवल्या जातात, त्यांच्याबरोबर बाहीचा जोड सुटतो, मुंढा (बाही जोडायची गोलाई) तिरका होतो, आणि पाच मिनिटांचं काम दीड तासावर जातं.

मागे तयार टीप नाही, पण माया आहे, असं असेल तर आधी मायेत नवी टीप मारा आणि मग जुनी उसवा. दोन्ही थर नव्या टिपेने धरलेले असतात, जागचे हलत नाहीत. कपडा सैल आहे आणि घट्ट करायचाय? मग जुन्या टिपेला हातही लावू नका, तिच्या आतून नवी मारा.

आणि मायाच नसेल तर उसवून मिळणार काय? बऱ्याच रेडीमेड कुर्त्यांना ओव्हरलॉकच्या (कडेच्या जाळीदार टिपेच्या) आत पाव इंचसुद्धा माया नसते. तिथे काखेत वेगळा तुकडा घालावा लागतो, ते काम वेगळं.

इथेच रंगही बघून घ्या. शिवण बोटांनी फाकवा, मायेतला रंग आणि बाहेरचा रंग शेजारी ठेवा. धुवून धुवून बाहेरचा उडालेला असेल तर उसवल्यावर मायेचा नवा रंग बाहेर येणार आणि काखेतून खाली गडद पट्टा दिसणार. वर सांगितलेली गडद रेघ ती हीच. ती उसवण्याच्या चुकीने येत नाही आणि कुठल्याच युक्तीने जात नाही. काखेत चालून जाते. समोरच्या टकवर (आकारासाठी शिवलेल्या चुणीवर) किंवा गळ्यापाशी अशी रेघ येणार असेल तर मी गिऱ्हाइकाला आधी दाखवते आणि विचारते. नंतर दाखवलं की भांडण होतं.

उजेड, टेबल, चष्मा

काळ्या कापडावर काळा दोरा रात्री ट्यूबलाइटखाली उसवायचा नाही. दिवसा खिडकीशी बसा. टाके दिसत नसतील तर कापडाच्या मागे मोबाइलची टॉर्च धरा, भोकं आणि टाके दोन्ही स्वच्छ दिसतात. चाळिशी लागली असेल तर चष्मा शोधण्यात गेलेली दोन मिनिटं वाया जात नाहीत.

मांडीवर घेऊन उसवू नका. मी माझ्याच गाऊनला असं भोक पाडलेलं आहे.

रिपर बोथट झालाय का?

शिलाईच्या सामानाच्या दुकानात थोडक्या रुपयांत मिळणारा रिपर लोक मशीनच्या डब्यात दहा-दहा वर्षं ठेवतात. त्याची धार दोन टोकांच्या मधल्या खाचेत असते, म्हणून ती गेलेली डोळ्याला दिसत नाही. परीक्षा अशी: रिळाचा दोरा दोन बोटांत ताणून धरा आणि खाच त्याला नुसती टेकवा. टेकताच दोरा तुटला तर रिपर चांगला. दाबावं लागलं तर तो फेका, धार लावायच्या भानगडीत पडू नका. बोथट रिपर टाका कापत नाही, टाक्याला उचलतो. मग तुम्ही जोर करता, दोरा अचानक तुटतो आणि टोक पुढच्या कापडात घुसतं. ती काटकोनातली चीर अशी जाते.

रिपरच्या दोन टोकांची कामंही वेगवेगळी. लांब अणकुचीदार टोक एकेक टाका उचलायला. आखूड टोकावरचा लाल मणी शोभेचा नाही. दोन थरांच्या मधून रिपर पुढे सरकवायचा असेल तेव्हा मणी कापडाच्या बाजूला, खाली ठेवायचा म्हणजे तो कापडावरून घसरतो, टोचत नाही. बहुतेक जणी नेमकं उलटं धरतात, कारण अणी आत घालायला सोपी जाते.

जुने कारागीर रिपर वापरतच नाहीत, अर्ध्या ब्लेडने सपासप उसवतात. बघायला छान वाटतं. माझा हातही ब्लेडवर बसलाय, पण शिकणाऱ्या मुलींना मी पहिली दोन वर्षं ब्लेड देत नाही. वापरायचंच असेल तर एका धारेला सेलोटेप गुंडाळा आणि काम झाल्यावर ब्लेड कागदात बांधून टाका. गादीवर राहिलेलं ब्लेड कपड्याच्या आधी माणसाला लागतं.

टीप कुठली आहे ते ओळखा

इथे थोडं थांबते, कारण ओढून निघणारी टीप आणि ओढून फाडणारी टीप यांतला फरक इथेच आहे.

घरच्या मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, म्हणजे मशीनखालच्या छोट्या रिळातून, आणि कापडाच्या जाडीत दोघे एकमेकांत कडीसारखे अडकतात. इलायस हाऊच्या शिवणयंत्राच्या 1846 च्या अमेरिकन पेटंटात जी गुंफण होती, तीच आजही आपल्या पायमशीनवर चालते. एक टोक धरून ओढलंत तर प्रत्येक कडी कापडात घट्ट होत जाते. म्हणून ही टीप ओढून निघत नाही. एका बाजूचा दोरा तुकड्यांत कापला की दुसऱ्या बाजूचा आपोआप सुटतो.

दुसरी साखळी टीप. एका बाजूने साधी, उलट बाजूने वेणीसारखी. तांदळाच्या पोत्याच्या तोंडाला असते तीच. योग्य टोक हाती आलं की सरसर सगळी निघते, चुकीच्या टोकाने ओढलं की हटून बसते. शिलाई जिथे संपली त्या टोकाकडून ती उलगडते. कुठलं टोक ते कळत नसेल तर आधी एका टोकाचा टाका सोडवून ओढून बघा, नाही सुटला तर दुसरं टोक. जोर कुठेच करायचा नाही. जीन्सच्या खालच्या दुमडीला बऱ्याचदा साखळी टीप असते. दोन दोऱ्यांची असली तर आतल्या वेणीचा दोरा शेवटाकडून सोडवायचा, वरचा मग नुसता पडून राहतो.

तिसरं ओव्हरलॉक. त्यात कडेला गुंडाळणारे दोरे असतात आणि त्यांना धरून ठेवणारा सुईचा सरळ दोरा. तो सरळ दोरा शोधून चार-पाच टाक्यांवर कापत जा आणि ओढून काढा. कडेचं सगळं जाळं मग आपोआप गळून पडतं. लोक जाळ्याचे वेटोळे एकेक करून कापत बसतात, त्यात वेळही जातो आणि मायेची कडही कातरली जाते. काही रेडीमेड कपड्यांत ओव्हरलॉकच्या आत एक वेगळी साखळी टीप असते, ती आधी काढायची.

साधी टीप काढायची रीत

घरच्या मशीनचा टाका साधारण अडीच मिलिमीटरचा, म्हणजे चार टाक्यांना एक सेंटिमीटर. नखाने दोन्ही बाजूंचे टाके उचलून बघा. ज्या बाजूचा सहज उचलला जातो ती कापायची बाजू, बऱ्याचदा बॉबिनची. रिपरची अणी टाक्याखाली घाला, कापडाला समांतर, आणि हलकेच पुढे ढकला. एक टाका कापला, तीन सोडले, परत एक कापला. अशी पूर्ण टीप संपवा. मधेच ओढायचा मोह होतो, तो आवरा.

आता कपडा उलटा आणि दुसऱ्या बाजूच्या दोऱ्याचं टोक उचला. ओढताना दुसऱ्या हाताचा अंगठा टिपेवर सपाट ठेवा. दोरा एका लांब तुकड्यात निघून येतो. अंगठ्याखाली कापड गोळा व्हायला लागलं तर तिथे एक टाका कापायचा राहिलाय, थांबा, उलटवा, कापा. बारीक रेशमी किंवा जॉर्जेटला तीनऐवजी एकच टाका सोडून कापा. वेळ दुप्पट लागेल, लागू दे.

टिपेच्या दोन्ही टोकांना शिंप्याने पुढे-मागे करून लॉक मारलेलं असतं, अर्ध्या इंचात टाक्यांवर टाके. तिथे ही रीत चालत नाही. भिंगातून बघावं तसं बघत वरचा वरचा टाका एकेक कापा. काखेत बाही आणि बाजू यांचे दोन्ही लॉक एकावर एक येतात, वर अस्तर. घाईची सगळ्यात मोठी किंमत तिथेच पडते.

दोन थर हातांनी फाकवून मधून रिपर सरसर चालवायची पद्धतही आहे. जाड सुती पायजमा, उशीचा अभ्रा, पडदे यांना मी तीच वापरते, मणी खाली ठेवून. पण थर ताणलेले असतात म्हणजे रिपर जरा वाकडा गेला की कापडही ताणलेलंच असतं, सहज चिरतं. रेशीम, साटन, शिफॉन, होजिअरी यांना ही पद्धत नाही म्हणजे नाही.

काज उघडताना शेवटच्या आडव्या टाक्यांच्या अलीकडे एक टाचणी आडवी खोवा. रिपर टाचणीला अडतो, काज ओलांडून पुढे जात नाही. साध्या दिसणाऱ्या या युक्तीने माझे किती शर्ट वाचलेत.

उरलेले दोऱ्याचे तुकडे

सेलोटेप बोटावर उलटी गुंडाळून थोपटा. राहिले तर कोरडा जुना टूथब्रश किंवा चिमटा. जरीवर टेप लावू नका, बारीक जर उचकटते.

भोकं राहिलीत

आधी कापड ओळखा. सुती कापडात सुईने धागे बाजूला सरकवलेले असतात, तुटलेले नसतात. भोकांवरून नखाने किंवा चमच्याच्या मागच्या बाजूने आडवं-उभं हलकं घासा, पाण्याचा हात लावा, उलट बाजूने इस्त्री फिरवा. बहुतेक भोकं मिटतात, उरलेली एका धुण्यात जातात.

रेशमाचं तसं नाही. धागे गुळगुळीत आणि विणीत घट्ट बसवलेले, एकदा हलले की परत जागेवर यायला कुरकुरतात. वर पाण्याचे डाग पडतात, म्हणून पाणी शिंपडायचं नाही. कोरड्या कापडावर ओलसर पिळलेलं मांजरपाट ठेवून, इस्त्री न दाबता, वाफ द्यायची आणि मग नखाने सावकाश घासायचं. भोकं पुसट होतात, पूर्ण जातीलच असं मी कुणाला सांगत नाही. साटन आणि टाफेटाची तीच कथा. रेक्झिन, चामडं, रेनकोटचं कापड यांतलं भोक कायमचं, तिथे वाफेने काही होत नाही.

म्हणून रेशमी कपड्याला हात लावायच्या आधी मायेत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पाच टाके उसवून बघा. वाफ द्या. तिथे जे दिसेल तेच बाहेर दिसणार आहे.

भोकं फारच मोठी आणि कडेला केस उभे राहिल्यासारखे धागे दिसत असतील तर दोष उसवणाऱ्याचा नाही, शिवणाऱ्याच्या सुईचा. टोक गेलेली किंवा कापडाच्या मानाने जाड सुई धागे सरकवत नाही, तोडते. पातळ रेशमाला 11 नंबर, नेहमीच्या ब्लाऊजच्या कापडाला 14, जीन्सला 16. परत शिवताना जुनीच सुई लावलीत तर पुढच्या वेळी उसवणारीही मलाच शिव्या घालेल.

आणि एक. रेशमी कापडावर एकाच रेषेत टीप मारायची, उसवायची, परत मारायची, हा खेळ दोनदाच. तिसऱ्या वेळी ती रेषा टपाल तिकिटाच्या कडेसारखी होते, हात वर केला की फाटते. फिटिंगची खात्री नसेल तेव्हा आधी हाताने कच्चा धावदोरा घाला किंवा मशीनवर टाका सगळ्यात लांब ठेवून एक टीप मारा, घालून बघा, मग पक्की करा.

शिडी पडली

होजिअरीत एक फासा कापला गेला की खालचे सुटत जातात. ओढायचं ताबडतोब बंद. सुईत त्याच रंगाचा दोरा ओवून सुटलेला फासा पकडा आणि उलट बाजूला दोन टाके घालून बांधा. नखाने चोळू नका, तिथे ते काम करत नाही, उलट शिडी लांबते.

साडीच्या फॉलचं थोडं वेगळं

फॉल आखडला, साडी खालून गोळा होते, म्हणून फॉल काढायचाय, असं फार येतं. न भिजवता लावलेल्या सुती फॉलचा हा गुण. वरची बाजू हातशिलाईची असते, ती आधी, साडीच्या उलट बाजूने कापत जायची. खालच्या कडेला मशीनची टीप असली तर ती नंतर. उलट क्रमाने केलंत तर पाच-साडेपाच मीटर साडीचं वजन त्या नाजूक हातटाक्यांवर लोंबतं आणि काठाचे धागे खेचले जातात. नवा फॉल रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावा.

कुठे थांबायचं

पैठणीच्या किंवा जरीच्या काठावरून जाणारी टीप असेल आणि पहिल्या दोन टाक्यांत जरीची तार वर आली, तर तिथेच थांबा. ती तार ओढली गेली की परत आत बसवता येत नाही.

आजीची साडी, जुनं रेशीम: मायेतलं कापड दोन बोटांत धरून हलकं ताणा. कागद फाटल्यासारखा आवाज आला तर रेशीमच जीर्ण झालंय. तुम्हीच काय, मीही ते उसवणार नाही, रफूवाल्याला दाखवायला सांगेन.

मणी, टिकल्या किंवा जरदोसी ज्या टिपेत अडकलीय ती टीप घरी नको. त्या कामाचा दोरा बऱ्याचदा सलग असतो, एक कापला की ओळ घरंगळते. ती काम करणाऱ्याकडेच द्या. मशीन एम्ब्रॉयडरी काढायची, चामड्याचं जाकीट, कोटाच्या आतलं कॅनव्हास, हेही तसंच.

आणि कपडा उद्या घालायचा असेल तर. हे कापडाबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. रात्री अकराला हळदीचा ब्लाऊज उसवायला घेतलेली बाई दोरा ओढतेच.

चीर गेलीच असेल तर तिच्यावर टीप मारू नका, फेविकॉल लावू नका, कडेच्या दशा कातरू नका. कपडा तसाच सपाट घडी करून रफूवाल्याकडे किंवा शिंप्याकडे न्या. आणि मायेतून निघालेली कापडाची पट्टी फेकलेली असेल तर कचऱ्याच्या डब्यातून परत काढा. रफूला जुळणारा धागा तिच्यातूनच निघतो.